टेलिफोनचे जनक ग्रॅहम बेल आणि बाळाच्या कानाची पहिली तपासणी

टेलिफोनचा शोध कोणी लावला हे आपण शाळेपासून पाठ करत आलोय. अलेक्झांडर ग्रॅहम बेल. उत्तर लिहिलं, एक मार्क मिळाला, विषय संपला. माझंही तेवढ्यावरच थांबलं होतं. पण तीन वर्षांपूर्वी आमच्या घरात एक गोष्ट घडली आणि मी बेल यांच्याबद्दल नव्याने वाचायला बसलो. तेव्हा कळलं की टेलिफोन हे त्यांच्या आयुष्यातलं एक प्रकरण होतं. ते स्वतःला आधी कर्णबधिर मुलांचा शिक्षक समजायचे.

या लेखात बेल यांची गोष्ट सांगतो. मध्ये मध्ये आमच्या घरचीही येईल, कारण त्या दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

म्यूटवरचं कार्टून

आमचं घर सांगलीत. ताईचं सासर साताऱ्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे माझा भाचा सांगलीत जन्मला. सव्वा महिना झाल्यावर ताई बाळाला घेऊन पेठ नाका, कराड करत साताऱ्याला गेली. पुढची सगळी लसीकरणं तिकडेच.

भाचा दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. आई म्हणायची की मुलगे उशिराच बोलतात. ताईच्या सासूबाई म्हणायच्या की याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. मागून ताट वाजवलं की तो वळून बघायचा. गणपतीत ढोल सुरू झाला की दचकायचा. म्हणजे ऐकू तर येतंय, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

त्या दिवाळीला ताई सांगलीला आली होती. मी भाच्याला माझ्या फोनवर कार्टून लावून दिलं आणि कामाला लागलो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की फोन म्यूटवर आहे. आवाज नसला की मुलं फोन आपल्यासमोर आणून धरतात, रडतात. याचं काहीच नाही. मी नेहमी ठेवतो तेवढा आवाज सुरू केला, तरी चेहऱ्यावर फरक नाही. मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं.

दिवाळी झाल्यावर मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासण्या झाल्या. दोन्ही कानांत साधारण ६५ डेसिबलचा दोष निघाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की जन्मल्यावर कानाची तपासणी झाली होती का? ताईने फाइल उघडली. त्यात तसा कागदच नव्हता. सांगलीत वाटलं की पुढचं साताऱ्यात होईल आणि साताऱ्यात वाटलं की जन्मावेळचं सगळं सांगलीत झालं असेल. आम्हीही कुठेच विचारलं नाही, कारण अशी काही तपासणी असते हेच माहीत नव्हतं.

घरी आल्यावर डेसिबल म्हणजे काय ते शोधत होतो, आणि तिथे बेल भेटले.

आईच्या कपाळाजवळ बोलणारा मुलगा

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातला. तेव्हा इकडे साताऱ्याची गादी अजून खालसा झालेली नव्हती, ती पुढच्याच वर्षी झाली. घरात त्यांना ॲलेक म्हणायचे.

ॲलेकचे आजोबा आणि वडील दोघंही उच्चारशास्त्र शिकवायचे. शब्द बोलताना जीभ, ओठ, घसा कुठे कसे हलतात याचा अभ्यास हा त्या घराचा धंदाच होता. वडिलांनी तर प्रत्येक उच्चारासाठी चिन्ह असलेली एक लिपीच तयार केली. आणि याच घरात आईला मात्र फार कमी ऐकू यायचं. एलायझा तिचं नाव. ती चित्रं काढायची आणि पियानोही वाजवायची.

आईशी बोलताना बाकीचे लोक तिच्या कानाला लावलेल्या नळीत मोठ्याने बोलायचे. छोटा ॲलेक मात्र तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू, खोल आवाजात बोलायचा. कंपनं हाडातून पोचतात हे त्याने अनुभवातून ओळखलं होतं. घरात चारचौघांच्या गप्पा चालल्या की तो आईशेजारी बसून बोटांच्या खुणांनी अक्षरं दाखवत तिला सगळं सांगायचा.

आवाज म्हणजे कंपन, हे आपण भौतिकशास्त्राच्या पुस्तकात वाचतो. त्याने ते आईच्या शेजारी बसून शिकून घेतलं.

पुढे क्षयरोगाने या घराची वाट लावली. १८६७ मध्ये धाकटा भाऊ गेला, १८७० मध्ये मोठा भाऊ गेला. उरलेला एक मुलगा तरी वाचावा म्हणून आईवडील सगळं विकून कॅनडाला गेले. ॲलेक तेव्हा २३ वर्षांचा होता.

दोन मुलं, दोन वेगळ्या सुरुवाती

१८७१ मध्ये बेल अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायला लागले. वडिलांची लिपी वापरून ते मुलांना ओठ आणि जीभ कशी ठेवायची ते दाखवायचे. इथे त्यांच्या आयुष्यात दोन विद्यार्थी आले. कानाच्या तपासणीत वेळेला एवढं महत्त्व का, ते या दोघांकडे बघून कळतं.

पहिला जॉर्ज सँडर्स. जन्मापासून ऐकू न येणारा, बेल यांच्याकडे आला तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा. शब्द नावाची गोष्ट असते हेच त्याला ठाऊक नव्हतं. बेल यांनी त्याच्यासाठी एक हातमोजा बनवला आणि त्यावर अक्षरं लिहिली. बोटावरच्या कुठल्या अक्षराला हात लावला यावरून शब्द तयार व्हायचा. अशा पद्धतीने ते त्याला वस्तूंना नावं असतात ही गोष्ट शिकवत होते. सगळी सुरुवात शून्यातून.

दुसरी मेबल हबर्ड. मेबलला जन्मतः चांगलं ऐकू यायचं. पाच वर्षांची असताना तिला स्कार्लेट फीव्हर झाला. जीव वाचला, पण कान कायमचे गेले. मात्र तोपर्यंत ती घडाघडा बोलत होती. आईवडिलांनी तिचं बोलणं तुटू दिलं नाही, रोज बोलतं ठेवलं, ओठांवरून शब्द ओळखायला शिकवलं. मेबल पुढे भरपूर वाचणारी, पत्रं लिहिणारी, हिशेब सांभाळणारी बाई झाली.

दोघंही तितकेच बहिरे. मग फरक कशाचा? मेबलच्या मेंदूला पहिली पाच वर्षं भाषा मिळाली होती आणि जॉर्जच्या मेंदूला मिळाली नव्हती.

आज याचं कारण नीट माहीत आहे. जन्मानंतरची पहिली काही वर्षं मेंदूत भाषेच्या वाटा पडत असतात. त्या काळात आवाज किंवा खुणांची भाषा, यातलं काहीच पोचलं नाही तर त्या वाटा कच्च्या राहतात. नंतर मशीन बसवलं की आवाज येतो, पण त्या आवाजाचा अर्थ लावायला मेंदूला खूप जास्त मेहनत करावी लागते. माझा भाचा नेमका याच कचाट्यात सापडला होता.

मेलेल्या माणसाच्या कानातून टेलिफोन

आता टेलिफोनकडे येऊ. १८७४ च्या उन्हाळ्यात बेल यांनी एक विचित्र यंत्र बनवलं. कानाच्या डॉक्टर मित्राकडून त्यांनी मृत माणसाचा कान मिळवला. त्याच्या आतल्या इवल्याशा हाडाला गवताची काडी चिकटवली आणि काडीचं टोक काजळी धरलेल्या काचेवर टेकवलं. कानात बोललं की पडदा हलायचा, हाड हलायचं, काडी हलायची आणि काचेवर नागमोडी रेघ उमटायची. बोललेला आवाज कर्णबधिर मुलांना डोळ्यांनी दिसावा, हा हेतू होता.

पण बेल यांच्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं. कागदापेक्षा पातळ पडदा जर हाडं हलवू शकतो, तर तसाच पडदा लोखंडाची पट्टी का हलवणार नाही? आणि ती पट्टी हलली की तारेतला विजेचा प्रवाह आवाजाप्रमाणे कमीजास्त का होणार नाही? दुसऱ्या टोकाला तोच प्रवाह दुसरा पडदा हलवेल. झाला टेलिफोन!

जॉर्जचे वडील आणि मेबलचे वडील, या दोघांनी प्रयोगांना पैसे पुरवले. ७ मार्च १८७६ ला पेटंट मिळालं आणि १० मार्चला शेजारच्या खोलीतल्या वॉटसन या सहकाऱ्याला तारेतून पहिलं स्पष्ट वाक्य ऐकू गेलं. बेल यांचा पेटंटचा अर्ज दाखल झाला त्याच दिवशी इलायशा ग्रे यांनीही तशाच यंत्राचा अर्ज केला होता, त्यामुळे श्रेय कोणाचं यावर पुढे वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. १८८२ मध्ये मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरूही झालं.

जुलै १८७७ मध्ये बेल आणि मेबल यांचं लग्न झालं. आपल्या कंपनीचे दहा सोडून सगळे शेअर बेल यांनी तिच्या नावावर केले. ज्या यंत्रामुळे जग दूरवरून बोलायला लागलं, त्या यंत्रावर स्वतःच्या बायकोशी त्यांना कधीच बोलता आलं नाही.

कान मोजायचं यंत्र

माझ्या दृष्टीने बेल यांचं सगळ्यात दुर्लक्षित काम १८७९ चं. त्या वर्षी त्यांनी ऑडिओमीटर बनवलं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ह्यूज यांनीही तसंच यंत्र केलं होतं. रचना साधी होती. तारेची दोन वेटोळी. एकात आवाजाचा विद्युतप्रवाह, दुसऱ्याला टेलिफोनचा रिसीव्हर जोडलेला. वेटोळी जवळ आणली की रिसीव्हरमध्ये आवाज मोठा, लांब नेली की बारीक. कुठल्या अंतरावर आवाज ऐकू यायचा थांबतो, ते पट्टीवर वाचायचं.

याआधी ऐकू येतं किंवा येत नाही असे दोनच कप्पे होते. आता किती येतं, हे आकड्यात सांगता येऊ लागलं. १८८० च्या दशकात बेल यांनी वॉशिंग्टनच्या शाळांमधल्या शेकडो मुलांचे कान या यंत्राने तपासले. नेहमीच्या शाळेत, नेहमीच्या बाकावर बसणाऱ्या मुलांपैकीही काहींना कमी ऐकू येतं असं त्यातून निघालं. आज आपण शाळेत मुलांची तपासणी करतो, त्याचीच ही सुरुवातीची आवृत्ती म्हणा ना.

बेल गेल्यावर आवाज मोजायच्या एककाला त्यांचं नाव मिळालं, बेल. त्याचा दहावा भाग म्हणजे डेसिबल. ही पट्टी सरळ चालत नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते, २० वाढले की शंभरपट. कुजबुज साधारण ३० डेसिबल, आपलं साधं बोलणं ६० च्या आसपास, ढोल-ताशा १०० च्या वर.

आता आमच्या घरचं गणित लावून बघा. भाच्याचा दोष ६५ डेसिबलचा. म्हणजे ढोल त्याला ऐकू येणार, मागून जोरात वाजवलेलं ताटही येणार. पण आईने मारलेली हाक, गोष्ट, अंगाई, हे सगळं त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. ताट वाजवून कान तपासता येत नाहीत, ते यासाठी. त्यातून स, श, फ, थ असे बारीक उच्चार तर त्याहून हळू असतात.

बेल कुठे चुकले

कौतुक करताना ही बाजू लपवायची नाही. बेल यांचा आग्रह होता की कर्णबधिर मुलांनी तोंडानेच बोलायला शिकावं, खुणांची भाषा शाळेत नको. १८८३ मध्ये त्यांनी एक प्रबंध वाचला. कर्णबधिर लोक आपापसात लग्नं करत राहिले तर माणसांची एक बहिरी जात तयार होईल, अशी भीती त्यात होती. आई बहिरी, बायको बहिरी, आणि तरी हा विचार. कर्णबधिर समाजात आजही त्यांच्याबद्दल राग आहे, आणि तो उगाच नाही.

१८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात शिक्षकांच्या परिषदेने याच बाजूने ठराव केला आणि जगभरच्या अनेक शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. कित्येक मुलांना बोलणंही नीट जमलं नाही आणि खुणाही मिळाल्या नाहीत. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त झाला. आपल्याकडे २०१५ पासून भारतीय सांकेतिक भाषेसाठी केंद्र सरकारची वेगळी संस्था आहे.

मला यातून एवढंच कळलं की मुलाला भाषा लवकर मिळाली पाहिजे. ती मशीनमधून मिळो, हातांच्या खुणांतून मिळो किंवा दोन्हींतून. आणि लवकर द्यायची तर आधी कळायला हवं की ऐकू येत नाहीये.

आजचा ऑडिओमीटर: पाच मिनिटांची तपासणी

नवजात बाळ हात वर करून ऐकू आलं असं सांगणार नाही. मग मोजायचं कसं?

१९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केंप यांनी दाखवून दिलं की निरोगी कान आवाज ऐकतो तसा स्वतः अगदी बारीक आवाज परतही पाठवतो. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा भाग असतो, त्यातल्या सूक्ष्म केसांसारख्या पेशींमुळे हे होतं. या तत्त्वावर ओएई नावाची तपासणी चालते. बाळाच्या कानात मऊ टोकाची छोटी नळी ठेवतात. तिच्यात एक बारका स्पीकर आणि एक बारका माइक. स्पीकर टिकटिक पाठवतो, माइक परत आलेला आवाज टिपतो. थोडक्यात, बेल यांच्या टेलिफोनची दोन्ही टोकं एका नळीत! बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होतं, सुई नाही, दुखणं नाही.

दुसरी तपासणी बेरा. यात डोक्याला पट्ट्या लावून, आवाज दिल्यावर कानाच्या नसेतून मेंदूकडे संदेश जातो का ते बघतात. काचेच्या पेटीत, म्हणजे एनआयसीयूमध्ये राहिलेल्या बाळांसाठी ही महत्त्वाची, कारण काही वेळा कान ठीक असतो पण नसेत अडचण असते. ती ओएईत सापडत नाही.

निकाल वाचताना या गोष्टी लक्षात ठेवा:

- ‘रेफर’ आलं म्हणजे बाळ बहिरं असं नाही. पहिल्या दिवसांत कानात पाणी किंवा चिकटा असू शकतो. पण तपासणी पुन्हा करायचीच, टाळायची नाही.
- ‘पास’ आलं म्हणजे आयुष्यभराची खात्री नाही. मेबलचे कान पाचव्या वर्षी गेले होते. मेंदूज्वर, गालगुंड, वारंवार कान फुटणं यामुळे नंतरही दोष येतो.
- जगभर १-३-६ असा नियम पाळतात. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू.

हजार बाळांमागे साधारण एक ते तीन बाळांना जन्मतःच कानाचा दोष असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मुलांमधले सुमारे ६० टक्के दोष टाळता येण्यासारखे असतात. गरोदरपणाआधी रुबेलाची लस, काविळीवर वेळेत उपचार, वाहणाऱ्या कानाकडे लक्ष, कानात गरम तेल किंवा काड्या न घालणं, या साध्या गोष्टींनी खूप फरक पडतो. नात्यात लग्न झालं असेल किंवा घरात कोणाला लहानपणापासून कमी ऐकू येत असेल, तर तपासणी अजिबात सोडू नका.

तुम्ही काय करू शकता

तुमच्यापैकी बरेच जण आई-बाबा नसाल. पण ताई, वहिनी, मावशी, शेजारीण यांच्याकडे बाळ असेलच. आणि घरात गुगल करून सांगणारं माणूस बहुतेक तुम्हीच असता.

- बाळ जन्मलं की एकच प्रश्न विचारा: ओएई झाली का, आणि कागद कुठे आहे? कागदाचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाका. बाळंतपण माहेरी आणि लसीकरण सासरी असेल तर तो फोटो दोन्ही घरांत हवा.
- झाली नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा कानाच्या डॉक्टरांकडे विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, म्हणजे २०१३ पासून चालू असलेल्या सरकारी योजनेत, जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. आशाताई किंवा अंगणवाडीताईंनाही सांगा.
- सहा महिन्यांचं बाळ आवाजाच्या दिशेने वळत नसेल, वर्षाचं मूल नावाला ओ देत नसेल, दोन वर्षांचं मूल ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नका. याचा बापही उशिरा बोलला होता, हे वाक्य घरात आलं की समजा, तपासणीची वेळ झाली.
- फोनवरच्या श्रवण चाचणीच्या ॲपवर बाळाची परीक्षा घेऊ नका. ती ॲप मोठ्यांसाठी असतात.

शेवटी

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातल्या आपल्या घरी बेल गेले. मेबल शेजारी होती. अंत्यसंस्काराच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले होते. जागतिक श्रवण दिन ३ मार्चला असतो. ३-३ हे आकडे दोन कानांसारखे दिसतात म्हणून ती तारीख निवडली, पण बेल यांचा वाढदिवसही तोच.

भाचा आता पाच वर्षांचा झालाय. दोन्ही कानांना मशीन आहे. आठवड्यातून दोनदा बोलण्याचा क्लास असतो, बाकीचे दिवस ताई घरी करून घेते. तो शाळेत जातो, भांडतो, मला मामा म्हणतो. स आणि श अजून घोळतात. वाक्यं त्याच्या वयाच्या मुलांपेक्षा छोटी आहेत. डॉक्टर म्हणाले की भरून निघेल, वेळ लागेल. सहाव्या महिन्यात मशीन लागलं असतं तर, हा विचार ताईच्या डोक्यातून जात नाही. माझ्याही.

गेल्या महिन्यात ताईला मुलगी झाली. या वेळी साताऱ्यात. तिसऱ्या दिवशी ओएई झाली, एका कानाला ‘रेफर’ आलं. दोन आठवड्यांनी पुन्हा केली, दोन्ही कान ‘पास’. पण भावाला दोष आहे म्हणून बेराही करून घ्यायची आहे, तारीख पुढच्या आठवड्यातली. ओएईच्या कागदाचा फोटो फॅमिली ग्रुपवर पिन केलेला आहे.

तुमच्या ओळखीत कोणाकडे नवीन बाळ आलं असेल, तर हा लेख त्यांना आजच पाठवा.